सावकारीचा परवाना आणि सरहद्दीची पेठ : दुधनीच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयाची मांडणी

पैशाचा धंदा करणाऱ्याने राज्यसत्तेची लेखी अनुमती घेतली पाहिजे, ही कल्पना आज इतकी रूढ झाली आहे की तिलाही एक इतिहास आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. बँकेस रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो, वित्तसंस्थेस नोंदणी लागते, सावकारास सहकार खात्याच्या निबंधकाची अनुज्ञप्ती लागते. या तिन्ही गोष्टी एकाच तत्त्वाच्या तीन शाखा आहेत असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः त्यांचा उगम वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या संकटांतून झालेला आहे. त्यांपैकी सावकारीच्या परवान्याचा इतिहास महाराष्ट्राच्या, विशेषतः दख्खनच्या, कृषिजीवनाशी इतका निगडित आहे की तो केवळ कायद्याच्या इतिहासाचा भाग मानणे योग्य होणार नाही.

प्रस्तुत निबंधात हा इतिहास सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील दुधनी या पेठेच्या निमित्ताने पाहावयाचा आहे. दुधनीची निवड करण्याचे कारण तिचे स्थान होय. सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या अगदी कडेला हे गाव वसले आहे. दक्षिणेस अफझलपूर, ईशान्येस आळंद हे कर्नाटकाचे तालुके लागून आहेत. बोली कानडी व मराठी अशा दोन्ही चालतात आणि तुरीच्या आवकेसाठी येथील कृषी उत्पन्न बाजार समिती प्रसिद्ध आहे. माल जेथे येतो तेथे पैसाही येतो, आणि माल जसा राज्याची सीमा पाहून येत नाही तसे कर्जही सीमा पाहून दिले जात नाही. परवाना मात्र सीमेवर येऊन थांबतो. या विसंगतीतून जो प्रश्न निर्माण होतो तोच या निबंधाचा गाभा आहे. परवान्याने नेमके कोणाचे नियमन होते, व ऋणकोस त्याचे संरक्षण कोणत्या परिस्थितीत मिळते, हा तो प्रश्न होय.

२. परवान्यापूर्वीचे नियमन : व्याजाची मर्यादा

प्राचीन भारतीय विधिशास्त्रात सावकाराला परवाना घ्यावा लागत असल्याचे दिसत नाही. नियमन होते ते व्याजाचे. याज्ञवल्क्यस्मृतीने तारण घेऊन दिलेल्या कर्जावर दरमहा मुद्दलाच्या ऐंशीव्या भागाइतके, म्हणजे वर्षास शेकडा १५, व्याज सांगितले आहे. तारण नसल्यास ते अधिक आणि अरण्यातून अथवा समुद्रावरून व्यापार करणाऱ्यास त्याहूनही अधिक. जोखीम जितकी मोठी तितके व्याज मोठे, हे तत्त्व या व्यवस्थेत स्पष्ट आहे. या स्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका चालुक्यांच्या कल्याण या राजधानीत लिहिली गेली. ते कल्याण म्हणजे दुधनीच्या ईशान्येस असलेले आजचे बसवकल्याण होय. तेव्हा ज्या भूभागाचा आपण विचार करीत आहोत तो या विधिपरंपरेला परका नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

याच परंपरेतील दुसरा नियम दामदुपटीचा. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये, असा हा नियम. तो मराठा अमदानीत लोकव्यवहारात मुरलेला होता आणि इंग्रजी न्यायालयांनीही मुंबई इलाख्यात तो मान्य केला.

परवान्याची पद्धत मराठा काळात अज्ञात होती असे मात्र नव्हे. ती होती टांकसाळीच्या बाबतीत. पेशव्यांच्या काळी सोनारांना व इतर खाजगी इसमांना ठराविक नजराणा घेऊन नाणी पाडण्याचे परवाने दिले जात. नाण्याचे वजन व धातूची शुद्धता यांविषयी अटी घातल्या जात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठेशाहीतील नाणी व टांकसाळी यांविषयी लिहिलेल्या निबंधात या पद्धतीचे विवेचन केले आहे. ज्या व्यवहारात राज्याची प्रतिष्ठा प्रत्यक्ष गुंतलेली असे, तेथेच परवाना असे. नाणे खोटे निघाले तर अपकीर्ती राज्याची होई. कर्ज अन्यायाचे निघाले तर तो धनको आणि ऋणको यांच्यामधील प्रश्न मानला जाई व तो पंचायतीपुढे जाई.

इंग्रजी राज्याच्या आरंभी हीच दृष्टी कायम राहिली. १८२७ च्या मुंबईच्या पाचव्या विनियमाने व्याजावर शेकडा १२ ची मर्यादा घातली. पुढे इंग्लंडात मुक्त व्यापाराचे तत्त्वज्ञान प्रबळ झाले, आणि १८५५ च्या अठ्ठाविसाव्या अधिनियमाने हिंदुस्थानातील व्याजाच्या मर्यादा रद्द झाल्या. कराराचे स्वातंत्र्य हे नवे सूत्र बनले. या सूत्राचे परिणाम दख्खनच्या कोरडवाहू मुलखात काय झाले, हे पाहण्यास वीस वर्षे पुरेशी ठरली.

३. १८७५ : कागदाविरुद्धचा उठाव

रयतवारी पद्धतीत जमीन हे विक्रीयोग्य व गहाण ठेवण्याजोगे तारण बनले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत आणणे आवश्यक झाले. ऋणकोच्या हितासाठी केलेल्या या कायद्याचा परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी जुने व्याज मुद्दलात मिळवून नवे कर्जखत लिहून घेण्याची वहिवाट पडली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि पतही वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यापाठोपाठ फेरपाहणीने साराही वाढला. १८६० साली लोहमार्ग सोलापुरास पोहोचला होता, आणि १८७१ साली तो रायचूरला जाऊन मद्रास रेल्वेस मिळाला. या दुसऱ्या टप्प्याचा मार्ग दुधनीवरून जातो. मालाचे भाव आता दूरच्या बाजारात ठरू लागले, आणि त्या भावाच्या चढउताराचा भार ज्याच्या खांद्यावर पडे त्याच्यापाशी तो पेलण्याचे साधन कर्जाखेरीज दुसरे नव्हते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला. तत्पूर्वी शिरूर तालुक्यातील कर्डे गावी बहिष्काराने त्याची नांदी झाली होती. पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्याचे एक लक्षण इतिहासकारांनी आवर्जून नोंदले आहे. जमावाचा रोख मनुष्यहत्येवर नव्हता. कर्जखते, हुकूमनामे व वह्या हस्तगत करून जाळणे हा त्याचा मुख्य हेतू होता. निरक्षर कुणब्याने आपला शत्रू अचूक ओळखला होता असेच म्हणावे लागेल. त्याच्या दृष्टीने शत्रू होता तो कागद. तो कागद त्याला वाचता येत नव्हता, पण न्यायालय तो निःशंकपणे वाचीत होते.

४. १८७९ : कराराचे नियमन

दंग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर १८७९ चा सतरावा अधिनियम, म्हणजेच दख्खन शेतकरी दिलासा कायदा, अस्तित्वात आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. या कायद्याने सावकाराकडे परवाना मागितला नाही, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. त्याने व्यक्तीला हात लावला नाही, कराराला लावला.

न्यायालयाने केवळ कर्जखतावर विसंबू नये, व्यवहाराचा इतिहास आरंभापासून तपासावा, मुद्दल व व्याज वेगळे काढून हिशेब करावा, असे बंधन त्याने घातले. ऋणकोस पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क दिला. शेतकऱ्याचा दस्त ग्राम-निबंधकापुढे झाल्याखेरीज ग्राह्य मानू नये असे ठरविले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक करण्याची पद्धत बंद केली. दाव्यापूर्वी समेट घडवून आणण्यासाठी अधिकारी नेमले. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या विशेष न्यायाधीशाच्या पदावर १८८७ पासून रानडे होते. १८९३ साली उच्च न्यायालयात नेमणूक होईपर्यंत ते या चार जिल्ह्यांत फिरून कामकाजाची तपासणी करीत.

या कायद्याचे यश आणि त्याची मर्यादा ही एकाच ठिकाणी दिसतात. ज्या सावकाराला वसुलीसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागे त्याच्यावर त्याने खरोखरच वचक बसविला. परंतु यातूनच दुसरी वाट शोधली गेली. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यावयाचे, पैसे फेडल्यास जमीन परत देण्याचा शब्द तोंडी ठेवावयाचा, आणि शेतकऱ्याने आपल्याच जमिनीत कूळ म्हणून राहावयाचे, अशी ही वाट होती. कागदावर कर्जच नाही, तर कर्जाचा इतिहास तपासावयाचा कसा? पुढील सुधारणेने कायद्यात एक कलम घालून न्यायालयास दस्ताच्या शब्दांपलीकडे जाऊन व्यवहाराचे खरे स्वरूप ठरविण्याचा अधिकार देण्यात आला. तोपर्यंत खरेदीखताची युक्ती गावोगाव रुजली होती आणि ती पुढेही टिकून राहिली. या निबंधाच्या अखेरीस तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

५. एका पेठेभोवती तीन राज्ये

१८७९ चा कायदा ज्या सोलापूर जिल्ह्यास लागू झाला त्या जिल्ह्याच्या नकाशाकडे पाहिले असता दुधनीच्या परिसराचे वैशिष्ट्य ध्यानात येते. आजचा अक्कलकोट तालुका म्हणजे मुख्यतः भोसल्यांचे जुने अक्कलकोट संस्थान होय. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केलेले कायदे संस्थानी मुलखात आपोआप लागू होत नसत. पश्चिमेस सोलापूर तालुका हा ब्रिटिश मुलूख होता. नैर्ऋत्येस इंडी तालुका असलेला त्या वेळचा कलादगी, म्हणजे पुढचा विजापूर, जिल्हा ब्रिटिश असला तरी आरंभीच्या चार जिल्ह्यांत नव्हता. १९०५ साली कायद्याची काही कलमे इलाख्याच्या अन्य जिल्ह्यांस लागू झाली. पूर्वेस व उत्तरेस निजामाचे राज्य होते आणि तेथे चलन, न्यायालये व कायदे निराळे होते.

अशा ठिकाणी धनको व ऋणको एकाच बाजारात भेटत असले तरी ते एकाच कायद्याखाली असतीलच असे नव्हते. कर्ज कोठे दिले, दस्त कोठे झाला, जमीन कोठे आहे आणि दावा कोठे आणावयाचा, या चार प्रश्नांची चार उत्तरे संभवत. ज्याच्यापाशी पैसा व माहिती आहे तो यांतून आपल्या सोयीचे उत्तर निवडू शकतो. ज्याच्यापाशी दोन्ही नाहीत त्याला दुसऱ्याने निवडलेले उत्तर स्वीकारावे लागते. सरहद्दीच्या मुलखात कायद्यांची विविधता ही बलिष्ठाच्या पथ्यावर पडते, हा धडा केवळ ऋणव्यवहारापुरता नाही. परंतु ऋणव्यवहारात तो जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो.

६. १९४६ : व्यक्तीचे नियमन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियमनाची दृष्टी बदलली. इंग्लंडात १९०० च्या कायद्याने सावकारांची नोंदणी व १९२७ च्या कायद्याने वार्षिक परवाना आवश्यक केला होता. हिंदुस्थानात १९१८ च्या अतिव्याज कर्जाच्या कायद्याने न्यायालयास अवाजवी व्यवहार पुन्हा उघडण्याचा अधिकार दिला. पण तो वापरणे न्यायाधीशाच्या मर्जीवर अवलंबून राहिले. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल आला. त्याच्या पाठोपाठ, १९२९-३० मध्ये, प्रांतोप्रांतीच्या बँकिंग चौकशी समित्यांनी ग्रामीण कर्जाचे चित्र मांडले. मंदीने ते चित्र अधिकच काळवंडले. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने सावकारी हा विषय प्रांतांच्या यादीत घातला आणि प्रांतांना कायदे करण्याचा मार्ग मोकळा झाला. मध्यप्रांताने १९३४ साली, बंगालने १९३३ व १९४० साली, पंजाबने १९३८ साली असे कायदे केले. निजामाच्या राज्यातही १३४९ फसलीचा, म्हणजे १९३९-४० च्या सुमाराचा, सावकारांविषयीचा कायदा झाला.

मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळाच्या काळात, १९३८ साली, सावकारांविषयीचे विधेयक पुढे आले. पण १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यामुळे ते मार्गी लागले नाही. युद्धोत्तर काळात मुंबई सावकार अधिनियम, १९४६ हा संमत झाला. क्रमांकाने तो १९४७ चा एकतिसावा अधिनियम होय. त्याच सुमारास, १९४७ च्या अठ्ठाविसाव्या अधिनियमाने, शेतकऱ्यांच्या जुन्या कर्जाचे समायोजन करण्याची व्यवस्था झाली. जुन्या कर्जाचा निकाल लावावयाचा व नव्या कर्जाचे नियमन करावयाचे, असे हे जोडकायदे होते.

१९४६ च्या अधिनियमाची रचना विचारात घेण्यासारखी आहे. परवान्याखेरीज आणि परवान्यात नमूद केलेल्या क्षेत्राबाहेर सावकारीचा धंदा करू नये, हे त्याचे पाचवे कलम. रोजकीर्द व खतावणी विहित पद्धतीने ठेवावी, ऋणकोस त्याच्या हिशेबाचे विवरण द्यावे, हे अठरा व एकोणीस या कलमांचे सार. तेविसाव्या कलमाने दामदुपटीचा जुना नियम लिखित कायद्यात आणला, पंचविसाव्याने सरकारास व्याजाची मर्यादा ठरविण्याचा अधिकार दिला. ऋणकोस त्रास देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. परंतु या सर्वांचा कणा होता तो दहाव्या कलमात. कर्ज देतेवेळी सावकारापाशी वैध परवाना होता अशी न्यायालयाची खात्री झाल्याखेरीज त्याला हुकूमनामा मिळणार नाही, असे हे कलम सांगते. शिक्षेच्या भीतीपेक्षा पैसे बुडण्याची भीती अधिक परिणामकारक ठरेल, असा त्यामागील हिशेब होता.

या रचनेतून परवान्याची तीन कार्ये निष्पन्न होतात. पहिले, ओळख : धंदा कोण करतो हे राज्यास कळावे. दुसरे, स्थान : तो कोठे करतो हे निश्चित व्हावे, म्हणजे कोणत्या निबंधकाने कोणाचे दप्तर तपासावयाचे ते ठरते. तिसरे, पुरावा : व्यवहार नोंदीत यावा, म्हणजे १८७५ साली जो कागद एकट्या सावकाराचा होता तो उभयतांचा व्हावा. अक्कलकोट संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा परिसर मुंबईच्या कायदेव्यवस्थेखाली आला. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने गुलबर्गा व विजापूर हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि एकीकरणाच्या अधिनियमाने मुंबईचाच सावकारी कायदा मराठवाड्यास व विदर्भासही लागू झाला. म्हैसूर राज्याने १९६१ साली सावकारांसाठी व गहाणवट धंद्यासाठी आपले स्वतंत्र कायदे केले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सावकारी हा विषय राज्यसूचीत, तिसाव्या नोंदीत, असल्यामुळे हे अटळच होते. तीन राज्यांची सीमा जाऊन दोन राज्यांची आली. सीमा गेली नाही.

७. परवान्याबाहेरचे कर्ज

कायद्याने कोणाला पकडले हे समजण्यासाठी त्याने कोणाला वगळले हे पाहणे आवश्यक असते. १९४६ च्या अधिनियमातील ‘कर्ज’ या शब्दाच्या व्याख्येतून सरकारने, बँकेने व सहकारी संस्थेने दिलेले कर्ज वगळलेले होते; ते स्वाभाविकच होय. व्यापाऱ्यास दिलेले कर्जही, व्याजमर्यादेची कलमे सोडून, वगळले होते. वचनचिठ्ठीखेरीज अन्य हुंडी-धनादेशासारख्या दस्तावर दिलेली तीन हजार रुपयांवरील रक्कमही व्याख्येबाहेर होती. शिवाय ‘धंदा’ या शब्दाचा अर्थ न्यायालयांनी काटेकोर केला. एखाद्या प्रसंगी कोणी व्याजाने पैसे दिले म्हणजे तो सावकार ठरत नाही. व्यवहारात सातत्य, पुनरावृत्ती व पद्धत असली पाहिजे, हे तत्त्व नागपूर उच्च न्यायालयाच्या १९४१ मधील निर्णयापासून रूढ झाले. तत्त्व योग्यच आहे. शेजाऱ्यास हातउसने देणाऱ्याकडून परवाना मागणे हास्यास्पद ठरेल. परंतु या तत्त्वाच्या आड उभे राहणेही फार कठीण नव्हते. सातत्य सिद्ध करण्यासाठी इतर ऋणकोंनी पुढे येऊन सांगावे लागते, आणि ज्याच्याकडून उद्या पुन्हा कर्ज घ्यावयाचे आहे त्याच्याविरुद्ध साक्ष देण्यास कोण पुढे येणार?

बाजारपेठेच्या गावी आणखी एक प्रवाह असतो, तो म्हणजे अडतीचा. पेरणीच्या वेळी अडत्याकडून उचल घ्यावयाची आणि पीक निघाल्यावर माल त्याच्याच अडतीत घालावयाचा, ही दख्खनच्या पेठांतील जुनी रीत आहे. व्याज कधी वेगळे मांडले जाते, तर कधी ते मालाच्या पट्टीतच विरून जाते. अडत्यालाही परवाना लागतोच, पण तो निराळ्या कायद्याचा. बाजार नियमनाचा आरंभ वऱ्हाडात १८९७ च्या कापूस व धान्य बाजार कायद्याने झाला. मुंबई प्रांताने १९३९ साली आपला कायदा केला, आणि महाराष्ट्राने १९६३ साली. व्यापारी, अडते, दलाल, तोलार व मापाडी या सर्वांस बाजार समितीचा परवाना आवश्यक ठरला. हा परवाना वजन, लिलाव व मालाचे पैसे चुकते करणे यांवर लक्ष ठेवतो. उचलीच्या व्याजावर नव्हे. अशा रीतीने एकाच दुकानात एकाच शेतकऱ्याशी होणारे दोन व्यवहार दोन निरनिराळ्या परवान्यांच्या कक्षेत येतात, आणि त्या दोहोंना जोडणारी गाठ, म्हणजे कर्जापोटी माल तेथेच घालण्याचे बंधन, कोणत्याच परवान्यात दिसत नाही.

गोरवाला समितीच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने १९५१-५२ या वर्षासाठी काढलेले आकडे सर्वपरिचित आहेत. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जउभारणीत धंदेवाईक सावकारांचा वाटा शेकडा ४४·८ व शेतकरी-सावकारांचा २४·९ होता. व्यापारी व अडते यांचा ५·५, नातलगांचा १४·२. सरकारचा ३·३, सहकारी संस्थांचा ३·१ आणि व्यापारी बँकांचा ०·९. धनंजयराव गाडगीळ हे या समितीचे एक सदस्य होते. या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. अनेक प्रांतांत सावकारी कायदे होऊन दहा-पंधरा वर्षे लोटली होती, तरी ग्रामीण कर्जाचा सुमारे सात-दशांश भाग सावकारांकडूनच येत होता. परवान्याने सावकाराला पर्याय निर्माण केला नव्हता, आणि तो करू शकणारही नव्हता. नियमन हे पुरवठ्याची जागा घेऊ शकत नाही. पर्यायाचे काम सहकाराचे व पुढे बँकांचे होते, आणि ज्या प्रमाणात ते झाले त्याच प्रमाणात परवान्यालाही अर्थ येत गेला. १९७५-७६ मध्ये महाराष्ट्राने अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर व मजूर यांची कर्जे रद्द करणारा कायदा केला व १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. तथापि कर्ज रद्द करणे आणि कर्जाची गरज दूर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

८. २०१४ आणि त्यानंतर

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याने १९४६ च्या कायद्याची जागा घेतली. परवान्याखेरीज सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जावर शेकडा ९ व विनातारणी कर्जावर १२, इतरांसाठी अनुक्रमे १५ व १८, असे वार्षिक सरळव्याजाचे कमाल दर त्याच वर्षी ठरविण्यात आले. तारणी कर्जाचा १५ हा आकडा आणि याज्ञवल्क्याचा ऐंशीवा भाग हे एकच निघावेत हा योगायोग असेल. पण दामदुपटीचा नियम या कायद्यातही कायम आहे, तो योगायोग नव्हे.

याहून महत्त्वाचे आहे ते अठरावे कलम. सावकारीच्या व्यवहारात विक्रीच्या अथवा अन्य नावाने घेतलेली स्थावर मालमत्ता, पंधरा वर्षांच्या आतील व्यवहार असल्यास, चौकशीअंती ऋणकोस परत देवविण्याचा अधिकार या कलमाने जिल्हा निबंधकास दिला आहे. १८७९ च्या कायद्यातून निसटलेली खरेदीखताची वाट येथे सव्वाशेहून अधिक वर्षांनी अडविली गेली. १९४६ च्या कायद्याचा सारा भर सावकाराला न्यायालयाची गरज पडेल या गृहीतावर होता. खरेदीखत हाती असलेल्याला ती गरजच नसते. नव्या कायद्याने हे गृहीत सोडून दिले, ही त्याची खरी प्रगती होय.

परंतु सीमेचा प्रश्न तसाच राहिला, किंबहुना तो नव्या रूपात पुढे आला. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने परवानाधारक सावकारांकडून शेतकऱ्यांनी घेतलेली कर्जे माफ करण्याचा निर्णय घेतला. तो विदर्भ व मराठवाडा या विभागांपुरता होता. अक्कलकोट तालुक्याच्या उत्तरेस लागून असलेले तुळजापूर व उमरगा हे तालुके मराठवाड्यात येतात. अक्कलकोट येत नाही. म्हणजे निजामाच्या राज्याची जुनी हद्द, राज्य जाऊन पासष्टाहून अधिक वर्षे झाल्यावरही, कोणाचे कर्ज माफ होणार हे ठरविण्यास कारणीभूत झाली. शिवाय हा लाभ परवानाधारकाच्या ऋणकोसच मिळणारा होता. ज्याने विनापरवाना सावकाराकडून कर्ज काढले, तो बहुधा अधिक गरजू असूनही, त्याचे कर्ज सरकारच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. सावकाराचे नियमन करण्यासाठी निर्माण झालेला परवाना या ठिकाणी ऋणकोच्या पात्रतेची कसोटी बनला. ज्या कागदावर त्याचे नाव नाही, ज्याच्याविषयी त्याने कधी विचारले नाही, त्या कागदावर त्याचे भवितव्य अवलंबून राहिले.

दुसरी सीमा राज्य आणि केंद्र यांच्यामधील. बँकव्यवसाय हा केंद्राचा विषय आहे. १९४९ च्या कायद्याने बँकांना रिझर्व्ह बँकेचा परवाना आवश्यक झाला, १ मार्च १९६६ पासून त्या कायद्याची कलमे सहकारी बँकांनाही लागू झाली, आणि १९९७ च्या दुरुस्तीने बँकेतर वित्तकंपन्यांची नोंदणी सक्तीची झाली. अशा कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ रोजी केरळच्या प्रकरणात दिला. त्यामुळे एकाच गावातील सोनेतारणाचे दोन व्यवहार दोन अधिसत्तांखाली जातात. परवानाधारक सावकाराकडील कर्जास राज्याची व्याजमर्यादा व तालुक्याचा सहायक निबंधक, तर वित्तकंपनीच्या शाखेतील कर्जास रिझर्व्ह बँकेची नियमावली. सीमेपलीकडे कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सूक्ष्म व लघु कर्जांच्या वसुलीतील जबरदस्तीस आळा घालणारा वटहुकूम काढला. तो कर्नाटकापुरताच असणार हे उघड आहे. मोबाईल दूरध्वनीवरून दिल्या जाणाऱ्या कर्जाने तर ‘क्षेत्र’ ही कल्पनाच निरर्थक केली आहे. धनको कोठे बसला आहे हे ऋणकोस ठाऊक नसते, आणि परवाना पाहावयाचा तर तो कोणत्या भिंतीवर?

९. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती लागतात. राज्यसत्तेने ऋणव्यवहाराचे नियमन आरंभी व्याजाच्या द्वारे केले, नंतर १८७९ साली कराराच्या द्वारे, १९४६ साली व्यक्तीच्या द्वारे, आणि २०१४ साली हस्तांतरित मालमत्तेच्या द्वारे. प्रत्येक टप्पा हा मागील टप्प्यातून निसटलेल्या वाटेचा पाठलाग होता. परवाना हा या मालिकेतील एक दुवा आहे, ती मालिका नव्हे.

दुसरे असे की, परवान्याचे बळ धनकोच्या गरजेवर अवलंबून असते. ज्याला वसुलीसाठी न्यायालय लागते, व्यवसायासाठी नाव लागते, तो परवान्याला जुमानतो. ज्याच्या हाती खरेदीखत आहे, पीक आहे, अथवा केवळ दहशत आहे, त्याला परवान्याची मातब्बरी वाटत नाही. म्हणून किती परवाने दिले गेले या संख्येवरून नियमनाचे यश मोजणे चुकीचे ठरेल. ते मोजावयाचे असेल तर पेरणीच्या तोंडावर पैशाची निकड असलेला शेतकरी प्रथम कोणाच्या दारी जातो, हे पाहिले पाहिजे.

तिसरे, सरहद्दीच्या पेठा या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहेत. मोठ्या शहरांच्या अथवा जिल्ह्याच्या सरासरीत ज्या फटी दिसत नाहीत त्या येथे उघड्या पडतात. निबंधकांच्या परवाना नोंदवह्या, बाजार समितीचे अडत परवाने, दुय्यम निबंधकाकडील खरेदीखते आणि दिवाणी न्यायालयांची दप्तरे ही चार साधने एकत्र ठेवून एका पेठेचा पन्नास वर्षांचा ऋणेतिहास लिहिणे हे आपल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. मात्र त्यासाठी मराठीबरोबर कानडी वह्या वाचता येणे, आणि जुन्या दप्तरांसाठी मोडीचा परिचय असणे, अगत्याचे आहे. १८७५ च्या रयतेला कागद वाचता येत नव्हता, म्हणून तिने तो जाळला. तो वाचता येणे ज्यांना शक्य आहे त्यांच्यावर तो जपून, पारखून वाचण्याची जबाबदारी येते.